तणांच्या मुळावर उठलेले किडे : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

मागच्या अंकात लीफी स्पर्ज या तणावर टिपण होतं. हे तण युरोप-आशियातून उत्तर अमेरिकेत गेलं, तिथली कुरणं त्याने व्यापली आणि शेवटी त्याच्या मूळ प्रदेशातून आणलेल्या मूळखाऊ भुंगेऱ्यांनी बऱ्याच ठिकाणी त्याला आवर घातला. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. दोन-तीन प्रश्न आपल्याकडच्या तणांविषयी आहेत, तेही ओघात आले आहेत.

प्रश्न : पानं खाणारी कीड झाडाला डोळ्यांदेखत बोडकं करते. मग जमिनीखाली मुळं कुरतडणारी कीड तणाविरुद्ध जास्त प्रभावी असं का म्हणतात? (एक शेतकरी, बीड)

सरसकट तसं म्हणता येणार नाही. तण कशाच्या जोरावर टिकतं, त्यावर ते ठरतं.

लीफी स्पर्ज बहुवर्षायू आहे. त्याची मुळं चार-पाच मीटरपर्यंत खोल जाऊ शकतात. मुळांवर जागोजाग डोळे असतात आणि मातीत राहिलेल्या तुकड्यातूनही नवा कोंब येतो. सगळा अन्नसाठा खाली असल्यामुळे वरची पानं गेली तरी झाड तो वापरून पुन्हा फुटतं. अमेरिकेत या तणावर १९६० च्या दशकात आधी पानं खाणारा एक पतंग सोडला होता. त्याच्या धष्टपुष्ट रंगीत अळ्या पाला फस्त करतानाचे फोटो छान येतात, पण तण हटलं नाही.

१९८५ पासून अफ्थोना या प्रजातीतले छोटे भुंगेरे सोडायला सुरुवात झाली. हे भुंगेरे जेमतेम तीन-चार मिलिमीटरचे, चाहूल लागली की उडी मारणारे. नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना उडद्या माहीत आहे, त्याच्याच कुळातले. प्रौढ भुंगेरे पानं खातात, पण त्याने झाडाला फारसा फरक पडत नाही. खरं काम अळीचं. मादी जून-जुलैत झाडाच्या बुंध्याजवळ मातीत अंडी घालते. दोन ते अडीच आठवड्यांत पांढरी, बारीक, तपकिरी डोक्याची अळी बाहेर येते. ती आधी केसासारखी बारीक मुळं खाते आणि मोठी होत जाईल तशी जाड मुळांत शिरते. हिवाळा अळीच्याच अवस्थेत जातो, वसंतात कोष आणि जूनमध्ये पुन्हा भुंगेरे. वर्षाला एकच पिढी होते.

यात झाडाचं नुकसान तीन बाजूंनी होतं. बारीक मुळं गेल्यामुळे पाणी कमी पडतं. जाड मुळं पोखरल्यामुळे साठा घटतो आणि डोळे मरतात. तिसरी बाजू पुष्कळदा लक्षातच घेतली जात नाही. अळीने केलेल्या जखमांतून मातीतल्या बुरशी आत शिरतात. मोंटाना राज्यातल्या सिडनी इथल्या अमेरिकी कृषी संशोधन केंद्रात यावर बरंच काम झालं. फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम आणि रायझोक्टोनिया सोलानी या बुरशी आणि भुंगेऱ्याच्या अळ्या एकत्र असल्या की झाडं जितकी मरतात, तितकी नुसत्या अळ्यांनी किंवा नुसत्या बुरशीने मरत नाहीत. हुमणी लागलेल्या उसाचं बेट जसं आधी पिवळं पडतं आणि मग हाताने ओढलं तरी उपटून येतं, तसाच हा प्रकार. झाड खाली संपलेलं असतं, वर ते उशिरा दिसतं.

गाजर गवतासारखं काही महिन्यांत बी टाकून मोकळं होणारं तण मुळात साठा ठेवतच नाही. तिथे मूळखाऊ किडीचा हिशेब वेगळा आहे. तो पुढे येईल.

प्रश्न : आम्ही नॉर्थ डकोटात वीस एकर जागा घेतली आहे. उतारावर लीफी स्पर्ज माजलं आहे. शेजारच्या कुरणातून भुंगेरे गोळा करून न्यायला परवानगी मिळाली आहे. कधी, किती आणि कसे आणायचे? (मूळचे साताऱ्याचे एक वाचक)

सगळ्यात आधी वेळ. भुंगेरे दिसायला लागले की लगेच धावू नका आणि महिनाभर थांबूही नका. नॉर्थ डकोटाच्या राज्य विद्यापीठाने यासाठी उष्णता-अंशांचा हिशेब दिला आहे. १ मार्चपासून रोजच्या सरासरी तापमानातून ४४ अंश फॅरनहाइट वजा करायचे आणि उरलेले अंश साठवत जायचे. सूर्यफुलासाठी हा आकडा तिथल्या हवामान केंद्रांच्या संकेतस्थळावर तयार मिळतो, तोच इथे वापरतात. बेरीज १००० झाली की जाळी घेऊन पाहणी सुरू करा. १२०० ते १६०० या दरम्यान गोळा करा. साधारणपणे हा काळ जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत येतो. १६०० नंतर माद्या अंडी घालायला लागलेल्या असतात. तेव्हा हलवलेले भुंगेरे नव्या जागी पानं खातात, पण पुढच्या पिढीची अंडी जुन्या जागीच राहिलेली असतात.

दिवस उन्हाचा, वारा नसलेला आणि तापमान २१ अंश सेल्सियसच्या वर असलेला निवडा. वारा असला की भुंगेरे खाली बुंध्याशी जाऊन बसतात आणि जाळीत काहीच येत नाही. दव पूर्ण वाळल्याशिवाय सुरू करू नका. ओल्या पानांबरोबर चीकही जाळीला लागतो आणि भुंगेरे त्यात चिकटून मरतात. हा चीक कातडीला आणि डोळ्यांना झोंबतो, म्हणून हातमोजे घाला आणि काम करताना डोळे चोळू नका.

जाळी ३८ सेंटिमीटर व्यासाची, जाड कापडाची. चालत चालत झाडांच्या शेंड्यांवरून अर्धवर्तुळात फिरवायची. दर पंचवीस-तीस फटक्यांनंतर रिकामी करा, नाहीतर तळाशी गोळा झालेल्या पाल्यात भुंगेरे चिरडतात. जाळीत भुंगेऱ्यांबरोबर नाकतोडे, कोळी, मुंग्या आणि दुसऱ्याच तणांचं बी येतं. हा सगळा माल तसाच नव्या जागी ओतणं ही फार महागात पडणारी चूक आहे. तुम्ही एक तण घालवायला जाता आणि दुसऱ्या दोघांचं बी पेरून येता. बारीक जाळीच्या चाळणीतून भुंगेरे उजेडाकडे आपोआप निघून येतात. कचरा मागे राहतो, तो पिशवीत बांधून जागेवरच ठेवा.

संख्या एका ठिकाणी किमान ३०००, आणि ५००० मिळाले तर उत्तम. पूर्वी पाचशेच सोडत, तेव्हा जम बसायला फार वर्षं लागायची. एकेक मोजत बसायची गरज नाही. एका छोट्या मापात किती मावतात ते दोन-तीन वेळा मोजून सरासरी काढा आणि पुढचं सगळं मापाने करा.

नेताना कागदी डबे वापरा, काच किंवा बंद प्लास्टिक नको. आत वाफ धरते, थेंब जमतात आणि भुंगेरे बुडून मरतात. डब्यात लीफी स्पर्जचे चार-दोन कोवळे शेंडे आणि कोरडा टिश्यू पेपर ठेवा. फुलं आणि बोंडं खुडून टाका, नाहीतर बीही जाईल. डबे शीतपेटीत ठेवा, पण बर्फाच्या पिशव्या वर्तमानपत्रात गुंडाळून. डबा थेट बर्फाला टेकला तर भुंगेरे गारठून मरतात. उन्हात उभ्या गाडीत डबा पाच मिनिटंसुद्धा ठेवू नका. त्याच दिवशी सोडणं चांगलं. फार तर दुसऱ्या दिवशी.

आता जागा. उन्हाची, पाणी न साचणारी, शक्यतो दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावरची, तण मध्यम दाटीचं असलेली. अगदी घट्ट गालिच्यासारखं तण असेल तर खाली सावली आणि पालापाचोळा असतो, माती थंड राहते आणि अळ्यांचं जमत नाही. त्या गालिच्याच्या कडेला सोडा. मुंग्यांची वारुळं जवळ नकोत. नदीकाठची, पूर येणारी जमीन टाळा, कारण पाण्याखाली गेलेल्या अळ्या वाचत नाहीत. सगळे भुंगेरे एकाच बिंदूवर सोडा. वीस एकरांत मूठमूठ पसरलं तर नर-मादीची गाठच पडत नाही.

जात बघून घ्या. तपकिरी, पाठीवर पुढच्या बाजूला काळा ठिपका असलेली निग्रिस्क्युटिस ही जात कोरड्या, उघड्या टेकाडावर चांगली चालते. काळे भुंगेरे, म्हणजे लॅसर्टोसा आणि झ्वालिने यांचं मिश्रण, जरा भारी मातीत आणि मध्यम ओलाव्यात. तुमच्या शेजाऱ्याची जमीन तुमच्यासारखीच असेल तर त्याच्याकडे टिकलेली जात तुमच्याकडेही टिकण्याची शक्यता जास्त. तसं नसेल तर दुसऱ्या कुरणातून आणा.

सोडलेल्या जागी लोखंडी खुंटी ठोका आणि फोनवर अक्षांश-रेखांश नोंदवा. पुढच्या वर्षी गवत वाढलं की जागा अंदाजाने सापडत नाही.

प्रश्न : आम्ही तीन वर्षांपूर्वी भुंगेरे सोडले. तण जसंच्या तसं आहे. फसलं म्हणायचं का? (मोंटानातून एक वाचक)

आधी फसलं आहे की नुसतं दिसत नाही, हे तपासा. पहिली दोन-तीन वर्षं परिणाम खुंटीभोवतीच्या काही मीटरांत असतो आणि लांबून बघणाऱ्याला तो कळत नाही. वसंतात तिथले कोंब उशिरा येतात का, बुटके राहतात का, पिवळी फुलोरी पानं धरतात का, हे पाहा. अर्ध्या मीटर बाजूची चौकट करून दरवर्षी त्याच तारखेच्या आसपास, त्याच जागांवर खोडं मोजा. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका, कारण उंच गवतात तण कमी वाटतं आणि कोरड्या वर्षी जास्त. जूनमध्ये जाळी फिरवून भुंगेरे आहेत का बघा. सप्टेंबरच्या अखेरीला बुंध्याजवळ दहा सेंटिमीटर व्यासाचा मातीचा गाभा काढून पाण्यात धुतला, तर मुळांवरच्या पांढऱ्या अळ्या साध्या भिंगाने दिसतात.

अळ्या आणि भुंगेरे दोन्ही नसतील, तर कारणं बहुधा पुढच्यांपैकी असतात. जमीन फार वाळूची असेल तर ती कोरडी पडते आणि नुकत्याच अंड्यातून निघालेल्या अळीला मुळापर्यंत पोहोचताच येत नाही. अशा जागी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा भुंगेरे सोडण्यात अर्थ नाही. सावलीची किंवा पाणथळ जागा असेल तरी तेच.

जमीन चांगली असूनही भुंगेरे नसतील, तर माणसाच्या वेळापत्रकाकडे बघा. निम्म्याहून जास्त ठिकाणी घोळ तिथेच असावा असं आमचं मत आहे. जून-जुलैत गवत कापलं तर प्रौढांचं अन्न आणि अंडी घालायचं ठिकाण दोन्ही गेलं. नाकतोड्यांसाठी कुरणावर कीटकनाशक फवारलं तर भुंगेरेही मेले. वसंतात तणनाशक मारलं तर भुंगेरे बाहेर येईपर्यंत खायला हिरवं पान नाही.

याचा अर्थ तणनाशक वर्ज्य असा नाही. सप्टेंबरच्या मध्यानंतर पिक्लोरॅम आणि टू-फोर-डी यांची एकत्र फवारणी भुंगेऱ्यांबरोबर चांगली जुळते, असं नॉर्थ डकोटातल्या चाचण्यांत दिसलं आहे. तोवर प्रौढांचा हंगाम संपलेला असतो, अळ्या मुळात असतात, आणि अळ्यांनी कमजोर केलेलं मूळ औषधाला लवकर बळी पडतं. औषधाची मात्रा मात्र स्थानिक लेबल बघूनच ठरवा. झाडंझुडपं आणि विहिरीजवळ पिक्लोरॅम नको, ते मातीत बराच काळ राहतं आणि पाण्याबरोबर खाली जातं.

मेंढ्या-बकऱ्या लीफी स्पर्ज आवडीने खातात (गाईंचं तोंड त्याच्या चिकाने पोळतं, त्या दूर राहतात). वसंतात मेंढ्या चारल्या तर तणाची दाटी कमी होते आणि माती तापते. भुंगेरे यायच्या सुमाराला कळप हलवा. तिथे थोडा हिरवा पाला उरायला हवा.

आणखी एक. तण कोसळल्यावर मोकळ्या जागेत काय येणार, हे आधी ठरवा. लीफी स्पर्जचं बी मातीत आठेक वर्षं जिवंत राहतं. भुंगेरे कमी झाले की ते उगवतं आणि तण वाढलं की भुंगेरेही पुन्हा वाढतात. ही वर-खाली होणारी लाट अपेक्षितच आहे. पण त्या मोकळ्या पट्ट्यात देशी गवत पेरलं नाही, तर दुसरं एखादं उपरं गवत किंवा तण तिथे बसतं.

प्रश्न : पॉइन्सेटिया, शेर, त्रिधारी निवडुंग हे सगळे लीफी स्पर्जच्याच प्रजातीतले. असे भुंगेरे उद्या आपल्याकडे आले तर? (एक वनस्पतिशास्त्र विद्यार्थिनी, मुंबई)

युफोर्बिया ही प्रजात एक असली तरी अफ्थोनाच्या या जाती युफोर्बियातल्या थोड्याच जातींवर वाढू शकतात. हे कळतं ते चाचण्यांतून. तणाच्या अगदी जवळच्या नातेवाईक वनस्पतींपासून सुरुवात करून दूरच्या वनस्पती आणि पिकांपर्यंत जायचं. प्रत्येक वनस्पतीवर किडा उपाशी कोंडायचा आणि पाहायचं, की तो नुसतं कुरतडतो, अंडी घालतो, की पूर्ण जीवनचक्र पार करतो. कुरतडणं फारसं महत्त्वाचं नाही. जीवनचक्र पूर्ण होणं महत्त्वाचं.

धोका शून्य नसतो. वायोमिंग राज्यात युफोर्बिया रोबस्टा या स्थानिक वनस्पतीवर निग्रिस्क्युटिस खाताना आढळला. पण लीफी स्पर्ज घटल्यावर रोबस्टाची झाडं उलट वाढली, कारण तिचा खरा शत्रू तणच होतं. आपल्याकडे तर या अळ्यांना लागणारी हिवाळ्याची कडक थंडीच नाही.

प्रश्न : कॅनडात हाउंड्सटंग तणाच्या मुळात राहणारा सोंड्या (लांब सोंडेचा भुंगेरा) मिळतो. सीमेपलीकडे आयडाहोत भावाच्या घोड्यांच्या कुरणात तो नेता येईल का? (कॅल्गरीहून एक वाचक)

नाही. मोग्युलोनेस या प्रजातीतला हा सोंड्या कॅनडात १९९७ पासून सोडला जातो आणि काम चांगलं करतो. पण अमेरिकेत त्याला परवानगी नाही. हाउंड्सटंगच्या कुळातल्या अनेक स्थानिक वनस्पती तिथे आहेत, काही दुर्मीळ, आणि त्यांच्यावरही तो जाऊ शकतो अशी तिथल्या यंत्रणेची भीती आहे. काही सोंडे स्वतःच सीमा ओलांडून गेले आहेत, हे खरं. पण माणसाने डब्यात घालून नेणं हा गुन्हा आहे. भावाला सांगा : पहिल्या वर्षीचे जमिनीलगतचे पानांचे झुबके मुळासकट खणून काढायचे आणि दुसऱ्या वर्षीची झाडं काटेरी फळं धरायच्या आधी. वाळलेलं हाउंड्सटंग वैरणीत आलं तर घोड्यांच्या यकृताला घातक ठरतं, म्हणून वैरणीवर लक्ष ठेवायचं.

प्रश्न : गाजर गवताची मुळं खाणारी एखादी कीड नाही का? मेक्सिकन भुंगा पानं खातो, पण बांधावर गवत पुन्हा येतंच. (जळगाव)

आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये गाजर गवतावर बऱ्याच किडी सोडल्या आहेत. त्यातला कार्मेंटा नावाचा काचपंखी पतंग १९९८ पासून सोडला गेला. त्याची अळी खोड आणि मूळ जिथे जुळतात तो भाग पोखरते. लिस्ट्रोनोटस नावाचा सोंड्या त्याआधी, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सोडला होता. त्याची अळी खोडातून खाली उतरत मुळाच्या तोंडापर्यंत जाते.

परिणाम दिसतो तो कोवळ्या झाडावर. गाजर गवत वर्षायू, साठा न ठेवणारं आणि महिना-सव्वा महिन्यात फुलणारं. झाड मोठं झाल्यावर पोखरलं तरी मरेपर्यंत हजारो बिया टाकून मोकळं होतं. म्हणून तिथे एकाच किडीवर भरवसा न ठेवता पानं खाणारी, खोडात गाठ करणारी, बी खाणारी, मूळ पोखरणारी अशी फळी उभी केली.

भारतात मेक्सिकन भुंगा, म्हणजे झायगोग्रामा बायकोलोराटा, १९८३ मध्ये मेक्सिकोहून बंगळुरूला आणला आणि पुढच्या वर्षी सोडला. त्यानंतर खोडात गाठ करणारा एपिब्लेमा हा पतंगही आणला होता. प्रयोगशाळेत तो कारळ्यावर पूर्ण वाढतो असं दिसलं आणि ती सगळी पैदास नष्ट करण्यात आली. ऑस्ट्रेलियात हाच पतंग उपयोगी ठरला, पण तिथे कारळ्याचं पीक आपल्यासारखं नाही. आपल्या आदिवासी पट्ट्यात कारळा हे तेलबियांचं पीक आहे. कुठली कीड कुठे चालेल, हे असं ठरतं. मेक्सिकन भुंग्यावरही १९९० च्या दशकात सूर्यफूल खाल्ल्याचा आरोप आला. तपासाअंती असं दिसलं, की गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडले की भुंगा तिकडे ओढला जातो आणि थोडं कुरतडतो, पण सूर्यफुलावर त्याची वंशवाढ टिकत नाही.

बांधावर गवत पुन्हा येण्याचं कारण मात्र किडीच्या कामगिरीपेक्षा मातीत दडलेलं आहे. मेक्सिकन भुंग्याच्या अळ्या पूर्ण वाढल्यावर जमिनीत शिरून कोष करतात आणि पाऊस संपल्यावर प्रौढ भुंगे जमिनीतच सुप्त राहतात. ते पहिल्या चांगल्या पावसानंतर बाहेर येतात. गाजर गवत त्यांच्या आधी उगवलेलं असतं आणि भुंग्यांची संख्या वाढेपर्यंत फुलावर आलेलं असतं. बांध उन्हाळ्यात खोल उकरला किंवा जेसीबीने खरवडला, तर सुप्त भुंगेही गेले. त्यामुळे जिथे भुंगा टिकवायचा, तो पट्टा उकरू नका. जुलै-ऑगस्टमध्ये जिथे तो भरपूर आहे तिथून पाचशे-हजार भुंगे आणून कमी असलेल्या एका जागी एकत्र सोडा. पहिल्या पावसानंतर माती ओली असताना, फुलं येण्याआधी, हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधून उपटलेलं गवत मुळासकट निघतं, आणि त्या टप्प्यावर याहून स्वस्त उपाय नाही. रिकाम्या पट्ट्यात टाकळ्याचं बी टाका. तो दाट वाढतो आणि गाजर गवताला जागा देत नाही.

प्रश्न : आमच्या ज्वारीत टारफुला येतो. केनियात म्हणे टूथपिकवर बुरशी देऊन तो मारतात. इथे करता येईल? (सोलापूर)

टारफुला स्वतःच दुसऱ्याच्या मुळावर जगणारा. ज्वारीच्या मुळाला चिकटून जमिनीखाली काही आठवडे काढतो आणि वर दिसतो तेव्हा नुकसान होऊन गेलेलं असतं. म्हणून त्याच्यावरचा हल्लाही जमिनीखालीच व्हायला हवा. पश्चिम केनियात मक्यावरच्या टारफुल्याच्या मोठ्या आफ्रिकी जातीसाठी फ्युजेरियम ऑक्सिस्पोरमचा फक्त टारफुल्याला मारणारा प्रकार वापरतात.

प्रयोगशाळेत ही बुरशी निर्जंतुक लाकडी काड्यांवर वाढवून वाळवतात. गावात स्वच्छ भांड्यात तांदूळ शिजवून थंड करतात, झाकणाच्या डब्यात भरून त्यात त्या काड्या मिसळतात. तीन दिवस डबा सावलीत ठेवून रोज हलवतात म्हणजे बुरशी सगळ्या भातावर पसरते. मग पेरणीच्या वेळी प्रत्येक खड्ड्यात बियाण्याबरोबर चिमूटभर भात. सुमारे ५०० शेतांवरच्या चाचण्यांत मोठ्या पावसाच्या हंगामात उत्पादन सरासरी ५६ टक्क्यांच्या आसपास आणि छोट्या हंगामात ४२ टक्के वाढलं. बिघडतं ते बहुतेक भातापाशी. भात गरम असताना काड्या घातल्या तर बुरशी मरते. हात किंवा डबा अस्वच्छ असेल तर हिरवी-काळी बुरशी धरते, तो डबा फेकून द्यायचा. गेल्या वर्षीचा भात विरजणासारखा पुढच्या वर्षी वापरायचा नाही, दर हंगामाला नव्या काड्या.

इथे स्वतः प्रयोग करू नका. हरभऱ्याची मर आणि केळीचा पनामा हेही फ्युजेरियम ऑक्सिस्पोरमचेच प्रकार आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली ते एकमेकांसारखेच दिसतात. वाळलेल्या टारफुल्यावरून घरी वाढवलेली बुरशी नेमकी कुठली, हे तुम्हाला कळणार नाही. परदेशातून किडा किंवा बुरशी आणायला केंद्र सरकारच्या वनस्पती संगरोध विभागाची परवानगी लागते, आणि बुरशीचं तणनाशक विकायला केंद्रीय कीटकनाशक मंडळाकडे नोंदणी. दुकानातली ट्रायकोडर्मा ही बुरशी हे काम करत नाही. तूर्त टारफुला फुलायच्या आधी उपटणं, ज्वारी-ज्वारी असं लागोपाठ न करता मध्ये कापूस किंवा शेंगवर्गीय पीक घेणं आणि शेतात नत्र कमी पडू न देणं, एवढं करा. नत्र कमी असलेल्या हलक्या रानात टारफुला सर्वांत जास्त येतो.

प्रश्न : जलपर्णीवरचे सोंडे पानं खातात. मग मुळासकट जलपर्णी उपसली तर सोंड्यांचं काय नुकसान? (पुणे)

बरंच. निओचेटिना प्रजातीच्या या सोंड्यांची अळी देठातून पोखरत झाडाच्या गड्ड्यापर्यंत उतरते आणि मग पाण्याखाली मुळांवर जाऊन मुळांच्या तंतूंचाच गोल कोश बनवते. त्यामुळे यंत्राने पूर्ण थर काठावर ओढला, की वरचे प्रौढ आणि खालचे कोश दोन्ही कचरा डेपोत जातात. उरलेली जलपर्णी मात्र सोंड्यांविना मोकाट वाढते. उथळ काठाला, जिथे झाडाची मुळं चिखलात रुतलेली असतात, तिथेही अळीला कोश करायला मोकळी मुळं मिळत नाहीत.

तळ्यात उपसा करायचाच असेल तर खोल पाण्यातला एक कोपरा दोरी-पिंपांच्या अडसराने अडवून राखा. पानांवर फिक्या, चौकोनी खुणा दाट असलेला कोपरा निवडा, कारण तिथेच सोंडे जास्त आहेत. बाकीचा भाग काढा. वाहत्या नदीत हे जमत नाही. पावसाळ्यात पूर सगळं वाहून नेतो आणि हिवाळ्यात जलपर्णी नव्याने सुरू होते, पण सोंड्यांना पुन्हा शून्यापासून वाढायला महिने लागतात. त्यात नाल्याचं पाणी मिळत असेल तर झाडाची वाढ सोंड्याला मागेच टाकते. अशा नदीत सोंडे आणून सोडण्याआधी वरच्या अंगाला मिळणारं सांडपाणी तोडायला हवं.